थंड सोफीच्या आधीचा गालिचा

रोस्विटाच्या लेकीने, गुडरूनने, चाळिशी उलटल्यावर लग्न ठरवलं, त्याच वर्षी बाड एलर्नाऊ गावात राज्याचा फुलांचा मेळा भरला. आईने माझ्या लग्नाकडे काडीचंही लक्ष दिलं नाही, असं गुडरून अजून म्हणते, आणि ते खोटं नाही. जूनमध्ये लेकीचं लग्न, आणि ही बाई एप्रिलपासून झऱ्याच्या बागेत गुडघे टेकून बसलेली.

पण तिचंही चुकलं असं कसं म्हणावं? ही बाग म्हणजे एके काळी गावाचं पोट होती. औषधी पाणी प्यायला, गरम चिखलात लोळायला दूरदूरची माणसं यायची. रोस्विटाने सगळी उमर स्नानगृहात लोकांना चिखल फासण्यात आणि पुसण्यात घालवली. मग विमा कंपन्यांनी अशा उपचारांचे पैसे द्यायचं बंद केलं आणि एकेक हॉटेल मिटलं. कारंज्यात शेवाळ धरलं, वादकांच्या मंडपाला गळती लागली. गावाने मान खाली घातली ती घातलीच.

आणि अचानक मेळा मिळाला. दोन वर्षं बागेत यंत्रांची धडधड चालू होती. नळात कोंबलेला ओढा उघड्यावर आणला, मंडपाला पुन्हा पांढरा रंग दिला, पाणी पिण्याच्या लांब दालनाच्या काचा नव्या बसवल्या. एप्रिलमध्ये दारं उघडली त्या दिवशी पावाची दुकानं दुपारीच रिकामी झाली. न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे निळी जाकिटं घालून लोकांना वाटा दाखवत होते. गावातली म्हातारी माणसंसुद्धा भरभर चालायला लागली होती.

रोस्विटाचा जीव मात्र एका जागेत अडकला होता. दालनासमोर पूर्वी एक मोठा गोल वाफा असे. त्यात तळहातापेक्षा लहान, रंगीत पानांची रोपं एकमेकांना खेटून लावून गालिच्यासारखं चित्र काढलेलं असे: वाडग्यातून पाणी पिणारा साप. लहानपणी ती त्याच्या कडेने पळायची. बागेचा नकाशा काढणाऱ्या ब्रुगेनसाहेबाने त्या जागी खडी आणि उंच गवत दाखवलं, तेव्हा ही उठून उभी राहिली आणि दीड वर्ष खाली बसली नाही. प्रत्येक बैठकीत साप, साप, साप. शेवटी ब्रुगेन कंटाळला. माणूस वाईट नव्हता. त्याच्यामागे इतर कामंही होती.

"फ्राऊ केम्पर, करा तुमचा साप," तो रोस्विटाला म्हणाला. "पण मेळ्यात उघडी माती दिसून चालत नाही. रोपं गेली तर त्याच दिवशी खडी टाकणार. ट्रक सांगून ठेवतो."

"ठेवा की. ट्रकवाल्याला म्हणावं, झोप काढ. इथे काम नाही."

रोपं खास वाढवून घेतली होती. दुसरा लॉट कुठेच नव्हता. वाफ्यात आधी ट्यूलिप होते, पण एप्रिल असा तापला की मेच्या सुरुवातीलाच त्यांच्या पाकळ्या गळाल्या. सोळा मेला कृषिमंत्रीणबाई यायच्या होत्या, आणि साप लावायचा म्हणजे जवळपास आठवड्याचं काम.

आता त्या भागात कुणालाही विचारा, नाजूक रोपं पंधरा मेच्या आधी बाहेर काढत नाहीत. बर्फाचे संत येतात, बारा मेपासून रोज एका संताचा दिवस आणि रात्री गोठवणारी थंडी: पांक्राट्स, सेर्वाट्स, बोनिफात्स, एकामागून एक, आणि शेवटी पंधराला थंड सोफी. ती गेली की टोमॅटो लावायचे. ही गोष्ट बालवाडीतल्या पोरांना ठाऊक असते.

"तुला ठाऊक आहे ना, कोण यायचंय ते?" ओटिलीने विचारलं. ओटिली म्हणजे रोस्विटाच्या दिवंगत नवऱ्याची, एर्नस्टची, थोरली बहीण. वय ऐंशी, जीभ विशीतली.

"मंत्रीणबाई यायच्यात."

"त्यांच्या आधी सोफी येते."

"ओटिली, बाहेर लोक आइस्क्रीम खात फिरतायत. हवा आता पूर्वीची राहिलेली नाही."

"हवा नसेल. सोफी तीच आहे." ओटिलीने हातमोजे काढून बादलीत टाकले. "मी या पापात नाही. माझे टोमॅटो खिडकीत आहेत आणि मी घरी आहे."

रोस्विटाने ऐकलं नाही. दहाबारा बायका घेऊन, आडव्या टाकलेल्या फळ्यांवर पालथं पडून तिने साप लावला. लाल पोट, पिवळी पाठ, करड्या पानांचा वाडगा. काम झालं तेव्हा लोक दालनाच्या जिन्यावर चढून फोटो काढू लागले. ब्रुगेनसुद्धा आला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मला वाटलं होतं त्यापेक्षा बरा आहे." त्या दिवशी रोस्विटा हवेत चालत घरी गेली.

चौदा तारखेला दुपारी रेडिओवाल्याने सांगितलं, रात्री आभाळ निरभ्र, दऱ्याखोऱ्यांत उणे तीन.

रोस्विटा वाफ्यापाशी गेली तेव्हा ऊन होतं आणि साप मजेत चमकत होता. रोपवाटिकेतलं रोपं झाकायचं पांढरं कापड तिसऱ्या हिश्शालाही पुरेना. बाकीचं दुसऱ्या वाफ्यांवर गेलं होतं. ती तशीच सायकलवर बसली आणि बंद पडलेल्या हॉटेल फुर्स्टनहोफच्या रखवालदाराचं दार ठोठावलं.

"ह्यूबर्ट, माळ्यावर चादरी आहेत ना?"

"चादरी? पाचशे माणसं झोपतील इतक्या. कशाला?"

"साप झोपवायचाय."

ह्यूबर्टने डोकं खाजवलं, मग किल्ल्या काढल्या. तासाभरात गावभर झालं. लोक हातगाड्या, बाबागाड्या घेऊन हॉटेलकडे निघाले. अर्धं आयुष्य घडीत गेलेल्या चादरी बाहेर आल्या, कोपऱ्यावर मुकुटाचा निळा शिक्का अजून तसाच. पण चादर रोपांना टेकली तर थंडी आरपार जाते. खाली टेकू हवेत, आणि तेही शेकड्यांनी. तेव्हा कुणीतरी फिरायच्या काठीची जोडी मातीत खोचली. तिथल्या म्हाताऱ्यांकडे दोन्ही हातांत धरून चालायच्या काठ्या घरटी असतात. बघता बघता वाफ्यात काठ्यांचं रान उभं राहिलं आणि त्यावर चादरी ताणल्या गेल्या. वादकांनी मंडपातून खाली येऊन वाऱ्याने सुरावटीचे कागद उडू नयेत म्हणून लावायच्या चिमट्यांची पेटी दिली. दिवस मावळायच्या आत सगळा साप झाकला गेला.

ओटिली कुंपणापाशी सगळं बघत उभी होती. "छान," ती म्हणाली. "आता इस्पितळ वाटतंय."

"बोल अजून."

"बोलत नाही. ती कडेची चादर खाली आलीय, एवढंच." आणि तिने स्वतः जाऊन ती ओढली.

सकाळी उजाडताच सगळे पुन्हा हजर. चादरी कडक झाल्या होत्या, उचलताना पापडासारख्या वाजत होत्या. शेपूट निघाली, लाल. पोट निघालं, पाठ निघाली, वाडगा निघाला. लोक एकमेकांचे दंड धरायला लागले. शेवटची चादर मात्र काठीवरून सरकून खाली बसली होती. ती उचलली, तर सापाचं डोकं आणि मान काळी, शिजवलेल्या पालकासारखी.

ब्रुगेन आला, खाली वाकला, एक रोप बोटांत धरलं. ते विरघळलं.

"फ्राऊ केम्पर, मंत्रीणबाई उद्या अकराला येतायत. आपलं बोलणं झालं होतं."

"संध्याकाळपर्यंत थांबा," रोस्विटा म्हणाली. "चूक माझी आहे. ओटिलीने सांगितलं होतं. पण डोकं मरतं म्हणून अख्खा साप खडीखाली घालायचा?"

"लावणार काय? या रंगाचं एक रोप मिळायचं नाही."

तेवढ्यात मागून चाक कुरकुरलं. ओटिली ढकलगाडी घेऊन आली होती. त्यात जाड पानांची, गुलाबासारखी गच्च रोपं. वीज पडू नये म्हणून छपरावर लावतात ती. बर्फात महिनाभर गाडली तरी त्यांना काही होत नाही.

"कुठून आणलीस?" रोस्विटाने विचारलं.

"एर्नस्टच्या थडग्यावरून. माजली होती नुसती. आणि एर्नस्टला आता विजेची काय भीती?"

रोस्विटा हसली आणि रडली, दोन्ही एकदम. पण एका थडग्यावरच्या रोपांनी मान भरणार नव्हती.

"छपरं आहेत की," ह्यूबर्ट म्हणाला.

मग जे झालं ते गाव अजून सांगतं. अग्निशमनवाल्या पोरांनी शिडीची गाडी काढली आणि गल्लीगल्लीतून छपरं खरवडली. गोठे, कोंबड्यांची खुराडी, पाद्र्याच्या घराचा सज्जा, काही सुटलं नाही. बायका खिडकीतून ओरडत होत्या, "धुराड्यामागे अजून आहेत, तिकडे बघा." हिरवी आली, लालसर आली, कोळ्याचं जाळं पांघरल्यासारखी केसाळ आली. पण ही रोपं मूळच्यांपेक्षा तिप्पट मोठी, जुन्या रेषेत मावेनात. ब्रुगेन थोडा वेळ हात बांधून उभा राहिला. मग त्याने जाकीट काढलं, वाळूची पिशवी मागवली आणि मातीवर नवं डोकं आखायला बसला, रोपांच्या मापाने, जरा मोठं.

"ट्रकवाल्याला कळवलंत का?" ओटिलीने त्याला विचारलं.

"झोप काढ म्हणून सांगितलंय," तो मान वर न करता म्हणाला.

सोळा तारखेला अकराच्या आधीच वाफ्याभोवती इतकी गर्दी जमली की मंत्रीणबाईंना वाट करून द्यावी लागली. वाद्यं वाजली, भाषण झालं. बाई जिन्यावर चढल्या, खाली पाहिलं आणि खूश झाल्या. मग त्यांनी विचारलं, "पण याचं तोंड असं सुजल्यासारखं का?"

ओटिली पुढे झाली.

"बाई, आमच्या झऱ्याचं पाणी प्यायलाय तो. तुम्ही एक पेला घेऊन बघा, तुमचंही असंच होईल."

मंत्रीणबाईच पहिल्यांदा हसल्या. त्यांनी पेला मागितला, प्यायल्या, आणि त्या कडू घोटाने गाल फुगून त्यांचं तोंड खरंच तसं झालं. तो फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत आला, खाली साप, वर बाई. त्या रविवारी मेळ्याला जेवढी माणसं आली तेवढी पूर्ण मोसमात पुन्हा आली नाहीत.

ऑक्टोबरात मेळा उठला. गावसभेने ठरवलं की गोल वाफ्यात यापुढे दरसाल साप लावायचा, आणि काम रोस्विटाच्या बायकांकडे ठेवायचं. एका सभासदाने विचारलं, लावणी कधी करणार? रोस्विटा म्हणाली, "ओटिली सांगेल तेव्हा."

पण पहिलीच लावणी ओटिलीविना झाली, पुढच्या वर्षी, थंड सोफी गेल्यावर, सोळा मेला. ओटिली केम्पर त्याच वर्षी नऊ मार्चला आपल्या घरी वारली. तिला एक्क्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती.