तीन रेघा पुढे

मी एक जुना रक्तदाबमापक आहे, मित्रांनो. एवढं जड नाव कोणी घेत नाही, सगळे मला बीपीचं मशीनच म्हणतात. एक गोल तबकडी, तिच्यात एक काटा, दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार.

नवा होतो तेव्हा माझा काटा शून्यावर अगदी शहाण्यासारखा बसायचा. वीस वर्षं मी एका दवाखान्यात इमानेइतबारे राबलो. मग तिथे आपोआप आकडे दाखवणारं मशीन आलं आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथून मला डॉक्टरमॅडमनी उचललं. त्या होऊ घातलेल्या डॉक्टरांना शिकवतात. त्यांचे विद्यार्थी दर शनिवारी एका वस्तीतल्या शाळेत मोफत दवाखाना चालवतात. दोन बाकं जोडली की झालं टेबल, चादर टांगली की झाला आडोसा. मोजणं, लिहिणं, घरी जाऊन चौकशी करणं, सगळं ही मुलंच करतात. मॅडम शेवटी प्रत्येक कागद वाचून सही करतात.

पहिल्याच वर्षी मी बाकावरून खाली पडलो. मोडलो नाही, पण माझा काटा शून्य सोडून तीन रेघा पुढे बसू लागला. एक रेघ म्हणजे दोन, तीन रेघा म्हणजे सहा. दुरुस्तीला नेण्याऐवजी मुलांनी तोडगा काढला. मोजणाऱ्याने आकडा चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि कागद भरणाऱ्याने त्यातून सहा वजा करायचे. जुनी मुलं हे नव्यांना सांगत आणि असं चार वर्षं चाललं. खोटं कशाला बोलू, मला त्याचं भारी कौतुक वाटे. आपली खोड सांभाळून घेणारी माणसं कोणाला नको असतात?

एका शनिवारी एक सासूबाई सात महिन्यांच्या गरोदर सुनेला घेऊन आल्या. मोजायला नवी चष्मेवाली मुलगी होती. तिचा तो पहिलाच दिवस. पट्टा बांधताना सासूबाई म्हणाल्या, "हिच्या पायात चपलाच शिरेनात हो. माझ्या घालून आलीये."

"या दिवसांत पाय सुजतातच, मावशी," चष्मेवाली म्हणाली. तिने तसं कुठेतरी वाचलं होतं.

माझा काटा एकशे पन्नासवर थरथरला. तिने चिठ्ठीवर एकशे चव्वेचाळीस लिहिलं. आडोशापलीकडे कागद भरायला मोती बसला होता. अक्षर मोत्यासारखं म्हणून त्याला मोती म्हणत आणि तोही बिचारा मुकाट्याने ओ देई. त्याने नेहमीप्रमाणे सहा वजा केले आणि सुरेख अक्षरात लिहिलं, एकशे अडतीस. गरोदर बाईचा आकडा एकशे चाळीसला टेकला की मोठ्या रुग्णालयात धाडायचं, असा मॅडमचा नियम होता. अडतीस बघून त्यांनी सही केली. सासू-सून निश्चिंत मनाने घरी गेल्या.

दुपारी आवराआवर करताना चष्मेवाली म्हणाली, "सहा वजा करायचे हे सकाळीच एका ताईने सांगितलं ते बरं झालं. नाहीतर माझे सगळे आकडे चुकले असते."

मोतीचा हात थांबला. "तू वजा केलेस?"

"हो. सगळ्यांचे."

"मी पण केले."

दोघांनी भराभर कागद चाळले. तो एकशे अडतीस समोर आला आणि चष्मेवालीला चपला आठवल्या. गरोदर बाईच्या पायाला सूज आणि वर चढलेला रक्तदाब, म्हणजे धोक्याची खूण. ती मॅडमकडे धावली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या ज्या खोडीचा मला एवढा तोरा होता, तीच आज दोन जिवांवर उठली होती.

मॅडमनी मला पिशवीत टाकलं आणि तिघंही निघाले. जिने चढून दार वाजवलं, तर सून ओट्यापाशी उभी होती. तिला पाच मिनिटं शांत बसवलं, मग पट्टा बांधला. माझा काटा एकशे चोपन्नवर थांबला. मॅडमनी सहा एकदाच वजा केले. एकशे अठ्ठेचाळीस.

"सकाळी तर चांगलं आहे म्हणालात ना?" सासूबाईंनी विचारलं.

"सकाळी आम्ही चुकलो, मावशी," मोती म्हणाला. चष्मेवालीने मान खाली घातली.

सासूबाईंनी दोघांकडे नीट पाहिलं. "चूक सांगायला जिने चढून आलात, हे काय कमी झालं? आता पुढचं बोला."

सुनेला त्याच संध्याकाळी रुग्णालयात दाखल केलं. वेळेवर औषध मिळालं, आणि पुढे एक गुटगुटीत मुलगी झाली.

मॅडम विद्यार्थ्यांना एवढंच म्हणाल्या, "सहा वजा करायची अक्कल आपल्या सगळ्यांना होती. काटा शून्यावर आणायची एकालाही नव्हती. मलासुद्धा नव्हती." मग मला कारागिराकडे नेलं. चार वर्षांची खोड त्याने पाव तासात घालवली.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया असेल तर तिची खोड पाठ करू नका. तिला दुरुस्त करून आणा. तिलाही ते हवं असतं, फक्त सांगता येत नाही.

परवाच्या शनिवारी ती सून आली, स्वतःच्या चपला घालून. चष्मेवालीने तिच्या दंडाला पट्टा बांधला, तोच मांडीवरच्या मुलीने माझा फुगा मुठीत धरून दाबला. काटा जरासा उडाला. चष्मेवालीने हवा सोडली, आणि तो मुकाट्याने शून्यावर येऊन बसला.