पांढऱ्या चॉकलेटचं पथ्य

“चॉकलेट बंद. एक तुकडासुद्धा नाही. साखर खाली आल्याशिवाय मी तुमच्या डोळ्याला हात लावणार नाही, आजोबा.”

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी हे बजावून सांगितलं होतं आणि म्हाताऱ्याने मान डोलावून कबूल केलं होतं. तरी आज रक्ताची तपासणी झाली तर साखर आधीपेक्षा वर! मोतीबिंदूचं ऑपरेशन पुन्हा पुढे गेलं. सून त्यांना घेऊन घरी आली. दार लावून घेतलं आणि तिला राहवलं नाही.

“बाबा, खरं सांगा. काय खाता तुम्ही?”

“तू वाढतेस तेच जेवतो.”

“मग साखर काय हवेतून येते?”

“ते डॉक्टरांना विचार. चॉकलेटला मी शिवलेलो नाही, शपथेवर सांगतो.”

सासऱ्यांचा जन्म दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करण्यात गेला होता. बाजारात त्यांना ‘काटेवाले’ म्हणूनच ओळखत. काटा केसभर जरी कलला तरी ते दुकानदाराला तो वापरू देत नसत. आता डोळ्यांपुढे धुकं आलं होतं, हत्यारांची पेटी पलंगाखाली गेली होती. ऑपरेशन झालं की पुन्हा कामाला लागायचं, एवढ्या एका आशेवर त्यांचे दिवस निघत होते. असा माणूस खोटं कशाला बोलेल? आणि ते खोटं बोलत नव्हतेच. बोलता बोलता त्यांचा हात सवयीने सदऱ्याच्या खिशात गेला, चांदीच्या कागदातून एक पांढरी चौकोनी वडी निघाली आणि सुनेच्या डोळ्यांदेखत तोंडात गेली.

“हे काय आहे?” सुनेने विचारलं.

“हे? हे पांढरं आहे. दुधाचं. चॉकलेट काळं असतं.”

सुनेने डोक्याला हात लावला. तेवढ्यात आतून नवरा आला. “अगं, ते मीच आणतो त्यांच्यासाठी. काळं बंद केलंय ना, मग जिभेला काहीतरी नको? वेष्टनावर दुधाचा पेला काढलाय मोठा.”

“उद्या पेल्याच्या जागी औषधाची बाटली काढतील, तर औषध म्हणून आणशील?”

“एवढंसं खाल्लं तर काय होतं?”

“एवढंसं! घरोघरी हेच एवढंसं. पाहुणे एवढंसं देतात, शेजारी एवढंसं देतात, तू एवढंसं आणतोस. डॉक्टरांकडे रांगेत बसायला मात्र मी एकटी.”

“कोपऱ्यावरचा दुकानदारही देतो,” काटेवाले मधेच म्हणाले. “रोज अशाच दोन वड्या हातावर ठेवतो. प्रेमाने देतो बिचारा.”

“त्याला तुमची साखर ठाऊक आहे?”

“नाही. सांगितलं तर सगळ्या बाजाराला कळेल. आजारी माणसाच्या हाती काटा कोण देईल?”

काटेवाल्यांची थोरली बहीण, आक्का, चार दिवस राहायला आली होती. खिडकीशी बसून सुपात मटार सोलत ती हे सगळं ऐकत होती. आता तिने सूप बाजूला ठेवलं.

“लहानपणी आई म्हणाली, झाडावर चढू नकोस. तर हा भिंतीवर चढला आणि पडला. वर सांगतो काय, झाडाला हात नाही लावला.”

“आक्का, ते कशाला आता?”

“कारण तू अजून भिंतीवरच आहेस. सूनबाई, ते पुडकं आण बघू. पेला राहू दे, मागचं वाच.”

फ्रिजच्या दारातलं अख्खं पुडकं सुनेने आणलं, उलटं केलं आणि बारीक अक्षरं वाचू लागली.

“साखर. कोको बटर. दुधाची पावडर...” ती थांबली. “आत्या, जे जास्त असतं ते आधी लिहितात. इथं पहिलंच नाव साखरेचं आहे.”

“कोको म्हणजे?” काटेवाल्यांनी विचारलं.

“ज्या बियांचं चॉकलेट होतं, त्याच बियांची चरबी. तुमचं काळं काढून घेतलं, बाकीचं ठेवलं. शंभर ग्रॅमच्या पुडक्यात साखर छप्पन्न ग्रॅम. त्यातली थोडी दुधातली, बाकी वरून घातलेली.”

“छप्पन्न? निम्म्याहून जास्त? उगाच काहीतरी.” काटेवाल्यांचा चेहरा बदलला. “माझी पेटी काढा.”

मुलाने पेटी ओढून काढली. म्हाताऱ्याने छोटा तराजू टांगला, एका पारड्यात चाचपून छप्पन्न ग्रॅमची वजनं ठेवली आणि सुनेला दुसऱ्यात साखर ओतायला सांगितली. काटा त्यांना दिसत नव्हता. दांडीवर बोटाचं टोक टेकवून ते अंदाज घेत होते. “घाल. अजून घाल. अजून.” सून ओतत राहिली. बऱ्याच वेळाने दांडी समतोल झाली. त्यांनी पारड्यात हात घातला. मुठीत मावेना एवढा ढीग होता.

मग काटेवाले हलकेच म्हणाले, “मी या मुलाला विचारलं होतं. म्हटलं, बाबा रे, काय लिहिलंय वाच. यानं पुढचं वाचलं. माझे डोळे गेलेत. तुमचे कुठे गेले होते?”

मुलाने मान खाली घातली. सुनेला वाटलं, हा घाव आपल्यालाच लागला. लेक दूध पीत नाही म्हणून ती स्वतः रोज तिच्या डब्यात याच दोन वड्या घालत होती. तेवढंच दूध पोटात जातं म्हणून! “बाबा, चूक माझीही आहे,” ती म्हणाली. “पुढे घरात येणारं प्रत्येक पुडकं मागून वाचल्याशिवाय कपाटात जाणार नाही.”

“आणि तू?” आक्काने भावाला विचारलं. “डॉक्टरीणबाईंना काळ्या रंगाशी वैर नव्हतं रे. त्यांना तुझ्या रक्तातली साखर उतरवायची होती. तुला ते समजत होतं. नेम केला की त्यात पळवाट शोधू नये. पळवाट शोधणाऱ्याचा नेम कधी मोडत नाही, माणूस तेवढा मोडतो.”

“दुकानदार मापात मारतो म्हणून मी जन्मभर भांडलो,” काटेवाले म्हणाले. “माझ्याच तोंडाशी मी मापात मारत होतो. दुकानदाराला मी स्वतः सांगेन. आजार लपवून डोळे परत मिळायचे नाहीत.”

वाचकहो, वेष्टनाची पुढची बाजू विकणाऱ्याची असते, मागची आपली. ती वाचायला फार शिक्षण लागत नाही, क्षणभर थांबावं लागतं. आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी वाचणं, हे त्याच्या हातावर गोड ठेवण्यापेक्षा मोठं प्रेम आहे. पथ्य शब्दाचं नसतं, ते सांगणाऱ्याच्या मनातल्या काळजीचं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर काटेवाल्यांनी सदऱ्याचा खिसा उलटा करून झटकला. सून सोबत यायला निघाली, तर त्यांनी हातानेच तिला थांबवलं. मग भिंतीचा आधार घेत, एकेक पायरी पायाने चाचपत, ते कोपऱ्यावरच्या दुकानाकडे निघाले.