खैरूनआपाच्या तापाचा थाळा

खाडीकाठच्या सिद्दी मोहल्ल्यात ताप खाऊन संपवतात. आजारी बाईच्या छातीवर थाळा उपडा घालायचा आणि घटकाभरानं उलटायचा, की तळाशी ताप पडलेला असतो, गार भातासारखा चिकट. मग तिनं आणि तिच्या बहिणींनी भोवती बसून तो दिवस मावळायच्या आत वाटून खायचा. चौघींत खाल्ला तर कुणालाच फारसा बाधत नाही. एकटीवर सोडला तर आजारी बाई वाचत नाही.

खैरूनआपानं तीस वर्षं तिघी धाकट्या बहिणींचा ताप खाल्ला. नजमाच्या बाळंतपणातला, सुलतानाच्या काविळीतला, शमीमच्या टायफॉइडचा तर अर्धा थाळा एकटीनं. कधी तोंड वाकडं केलं नाही.

यंदा तीच आडवी झाली. तालुक्याच्या डॉक्टरनं तिच्या काळ्या हाताकडे लांबूनच पाहिलं. "तुम्ही सिद्दी बाया कणखर. तुम्हाला काय धाड भरणार?" असं म्हणून त्यानं पुढच्या पेशंटला हाक मारली. खैरूनला संताप आला. पण मरो मेला, म्हटलं, माझ्या बहिणी आहेत ना.

तिचा ताप थाळ्यात मावेना, तेव्हा थाळाच रुंद होऊ लागला. दुपारी त्याची कड भिंतींना टेकली आणि चौघी चार भिंतींना चिकटल्या. बिस्मिल्ला म्हणून सगळ्या जेवू लागल्या. हात तोंडाशी जात होते, जबडे हलत होते. खैरूननं नीट पाहिलं. तिघींच्या तोंडात काहीच नव्हतं. त्या घास ओढणीत टाकत होत्या.

"नजमा, खात का नाहीस गं?"

"खातेय की," नजमा म्हणाली.

"आपा, तू पहाड आहेस," सुलताना म्हणाली. "आम्हाला लेकरं आहेत."

"मला भीती वाटतेय," खैरून म्हणाली. जन्मात पहिल्यांदा म्हणाली. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं, जणू कुणी परकी बाई बोलली.

खैरूनच्या मनात आलं, ज्यांच्यासाठी हाडाची काडं केली, त्यांनीच असा केसानं गळा कापावा?

तेवढ्यात धाकटी शमीम थाळ्यावरून रांगत जवळ आली आणि तिनं तोंड उघडलं. खैरूनला रडू फुटलं. एक तरी आपली निघाली. तिनं शमीमला घास भरवला. शमीमनं दोन्ही हातांनी आपाचा चेहरा धरला, मुका घ्यायला वाकावं तशी वाकली आणि तो घास जसाच्या तसा तिच्या तोंडात सोडला.

"चाव, आपा," ती म्हणाली.

खैरून चावू लागली. शमीम तिचे डोळे पुसत होती. तिच्या मागे नजमा आणि सुलताना, भरलेल्या ओढण्या सावरत, रांगेत उभ्या होत्या.