न निघणारं पान

सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन संपून माणसं गेली. मी तिथली नर्स. जे डोळ्यांनी पाहिलं, ते दिराच्या वेबसाइटवर स्वतःच्या नावाने सांगितलं. सरकारचा हुकूम आला आणि वेबसाइट ठेवणाऱ्या कंपनीने हातातला चहा निवायच्या आत ते पान उडवलं. शेपूट घालायची केवढी ती घाई!

दीर पेटला. त्याने तेच पान जगभरच्या अनोळखी लोकांच्या हजारो कॉम्प्युटरवर पसरवलं. "वहिनी, आता कुणाचा बाप आला तरी काढू शकणार नाही!"

आज सकाळी माझ्या नवऱ्याला ऑफिसातून उचललं. एक अधिकारी घरी येऊन गोड आवाजात म्हणाला, "बाई, पान काढा, नवरा घेऊन जा."

तो गेल्यावर मी दिराला म्हटलं, "काढ बाबा. चुलीत गेलं ते खरं-खोटं."

तो भिंतीला टेकून खालीच बसला. "मारलं तरी माझ्याकडून निघू नये, म्हणून पान काढायची एकमेव किल्ली, तो लांबलचक पासवर्डच नष्ट केला, वहिनी. वाटलं, मारतील तर मला मारतील. दादाला नेतील हे डोक्यातच आलं नाही."

संध्याकाळी अधिकारी परत आला. मी सगळं सांगितलं.

"स्वतःचं पान स्वतःला काढता येत नाही? कुणाला शेंडी लावता?" त्याने मोबाइलवर पान उघडून माझ्यापुढे धरलं. माझाच फोटो, माझेच शब्द.

"हे अजून इथे आहे," तो म्हणाला, "म्हणून तेही अजून तिथेच आहेत."