उरलेला बांगडा

अक्काला शाळेचं तोंड ठाऊक नव्हतं, पण पोरांना आकडे शिकवावेत तर तिनंच. पाटी नको, छडी नको. भाताला माणशी एक मूठ तांदूळ घ्यायचे, दोरीवरचे कपडे मोजून आत आणायचे, की झाला धडा! पुतण्याची, गुरुदासची पाच वर्षांची गंगू अशीच तिच्या पदराला धरून मोजायला शिकली. हिशेब बरोबर आला की अक्का पदराची गाठ सोडून गुळाचा खडा द्यायची.

धाकट्या पुतण्याची, बाबलीची बायको सीता शिरोड्याच्या बाजारात मासे विकायची. तिच्या बांगड्यांचे वाटे पडवीत मांडून द्यायचं काम अक्का आणि गंगूचं.

"सगळे वाटे सारके होये," अक्का बजावायची.

"आनी एक उरलो तर?"

"तो पायरेर ठेवचो. मांजराक."

"अर्धो अर्धो करूया?"

"अर्धो करूक नाय हां! अर्ध्यापायी भांडणां होतत."

भांडणं व्हायची ती झालीच. बाबलीला होडीला इंजिन बसवायचं होतं, गुरुदासला नको होतं. एवढ्यावरून भाऊ एकमेकांचं तोंड बघेनात. शेवटी वेगळी चूल मांडायची ठरली. घर फिरलं की वासे फिरतात, दुसरं काय! अक्का बालविधवा. सारा जन्म या घरात राबली, दोन्ही पुतण्यांना तिनंच अंगाखांद्यावर वाढवलं. गंगूजवळ राहायला मिळावं, एवढंच तिचं मागणं. पण तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि आपण होऊन बोलायला तिची जीभ रेटेना.

वाटणीला शेजारचे भाई आले. लहान पोराच्या हाताला पाप नसतं म्हणून त्यांनी गंगूलाच पुढं केलं. पोर काय खुलली! टोप इकडे एक, तिकडे एक. पाट, तांबे, कोयते. सगळं सारखं. अक्का खांबाला टेकून बघत होती. असल्या दिवशीही तिला पोरीचं कौतुक वाटलं.

"आता माणसां," भाई हसत म्हणाले.

गंगूनं बोट नाचवलं. "बाबा, आई, मी. तीन. काका, काकी, तेंचो बाळा. तीन." मग ती थांबली. "अक्का उरली."

कुणी हसेना. अक्कानं गुरुदासकडे पाहिलं. तो टोपाचा काठ अंगठ्यानं पुसत बसला.

भाईंनी घसा खाकरला. "सहा म्हयने हंय रवांदे, सहा म्हयने थंय."

"अर्धो करूक नाय!" गंगू ओरडली. "भांडणां होतत!"

"पोरगी बोलता ता खरा," सीता पुटपुटली. गुरुदासची बायको सुभद्रा कधी नव्हे ती जावेच्या बोलण्याला मान डोलावती झाली. आणि भाई? ते चपला शोधायला लागले.

गंगूनं अक्काचं बोट धरलं, तिला ओढत पडवीतून खाली नेलं आणि पायरीवर बसवलं. मांजर आपलं अंग चोरून बाजूला सरकलं. हिशेब पुरा झाला होता. पोर समोर उभी राहिली, हात पुढं करून.

अक्कानं मांजराकडे पाहिलं. हे आपणच शिकवलं, आता रडणार कुणापाशी? तिनं पदराची गाठ सोडली.

"बरोबर आसा गो बाये," ती म्हणाली, आणि गुळाचा खडा तिनं गंगूच्या हातावर ठेवला.