ह्यूजचं मूळ

माझ्या वडिलांना शब्दांचा नाद होता आणि त्या नादाची हमाली माझ्या डोक्यावर होती. लडलो गावातले निवृत्त मास्तर ॲम्ब्रोज टकवेल, ते माझे बाबा. तेव्हा इंग्रजीचा एक मोठा कोश तयार होत होता. देशभरचे हौशी लोक जुन्या पुस्तकांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून संपादकांकडे फुकट पाठवत. बाबांच्या वाट्याला आले ते अफाटपणाचे शब्द. आमचं घर चार खोल्यांचं, त्यातल्या तीन चिठ्ठ्यांनी अडवलेल्या.

बाकीचे शब्द वर्षभरात हातावेगळे झाले. व्हास्ट लॅटिनमधला, मूळचा अर्थ ओसाड, रिकामा. इमेन्स म्हणजे ज्याचं माप घेतलेलं नाही असं. इनॉर्मस म्हणजे नियमाबाहेरचं, आणि जुन्या पुस्तकांत तर चक्क पापी. घोडं अडलं ते ह्यूज, म्हणजे प्रचंड, या शब्दापाशी. जुन्या फ्रेंचपर्यंत माग लागतो, पुढे काही नाही. बाबांचं म्हणणं, हा शब्द उत्तरेकडच्या खलाशांच्या भाषेत टेकडीला जे म्हणत त्यावरून आलाय. पुरावा काय, तर हेरफर्डच्या कॅथेड्रलमधल्या एका हस्तलिखितातली ओळ. तरुणपणी पाहिलेली.

त्यांचे डोळे अधू झाले तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. त्याच शरद ऋतूत श्रूजबरीच्या मुलींच्या शाळेने मला लॅटिन शिकवायला बोलावलं. राहायला खोलीही देणार होते. मी आनंदाने वेडी झाले होते, खोटं कशाला सांगू! बाबा डॉक्टरला डोळे दाखवायला म्हणून हेरफर्डला गेले आणि तिसऱ्या दिवशी परतले ते हसतच.

"हेस्टर, ओळ आहे! पुन्हा पाहून आलो. आता फक्त जोडणी राहिली. मधेच टाकून जाशील?"

मी शाळेला नकार कळवला. पुढची अकरा वर्षं खलाशांच्या टेकड्या उपसल्या.

परवा संपादकांचं पत्र आलं. कोशाचा एच अक्षराचा भाग छापायला जातोय, त्या ओळीचा पानक्रमांक कळवा.

"कळव काहीतरी. तिथे कोण बघायला जातंय?" बाबा म्हणाले.

"मी जाते."

"या थंडीत? खोकून मरशील. आणि माझ्या जेवणाचं काय?"

"शेजारच्या मिसेस बीवन देतील."

"ती बाई मटण करपवते."

तरी मी गेले. कॅथेड्रलचे ग्रंथपाल प्रॉसर वयाने पार वाकलेले होते. तिथल्या जुन्या रिवाजाप्रमाणे साखळीला बांधलेलं ते हस्तलिखित त्यांनी माझ्यासमोर उघडलं. दोन दिवस मी ओळ न् ओळ वाचली. टेकडी नाही, खलाशी नाहीत, काही नाही.

"टकवेल म्हणालात ना?" प्रॉसर चष्मा पुसत म्हणाले. "एक टकवेल येऊन गेले होते. अकराएक वर्षं झाली. त्यांना नीट दिसत नव्हतं, तेव्हा मीच सगळं वाचून दाखवलं."

"मग?"

"मग काय? नव्हतीच ओळ. बिचारे बराच वेळ बसून राहिले. आपलं कोण लागत होते?"

मी हस्तलिखित मिटलं आणि परतीची वाट धरली.

घरी आले तेव्हा बाबा शेकोटीपाशी बसले होते. कोटसुद्धा न काढता मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी तोंड शेकोटीकडे वळवलं. मग म्हणाले, "प्रॉसर अजून जिवंत आहे वाटतं."

"अकरा वर्षं, बाबा! नसलेल्या ओळीपायी!"

"खरं सांगितलं असतं तर तू गेली असतीस."

"हो, गेले असते!"

"मग? आंधळ्या माणसाने एकट्याने काय करायचं होतं?" आवाजात लाज नव्हती. उलट माझ्यावरच रागावले होते, हिला एवढं साधं कसं कळत नाही म्हणून.

नुसतं थांब म्हणाले असते, तरी मी थांबले असते बहुतेक. तेवढंही त्यांनी मागितलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला.

टेबलाशी बसून मी कोरी चिठ्ठी ओढली आणि संपादकांसाठी दोन शब्द लिहिले. पाव मिनिटही लागलं नाही.

"काय लिहिलंस?"

"मूळ अज्ञात."

 बाबांनी हात पुढे करून टेबलाची कड चाचपली.

"खाली माझं नाव घाल," ते म्हणाले. "नीट अक्षरात."

मी घातलं.