माझ्या अंगावरचे सिमेंट

मी एक जुने घर आहे, आणि मित्रांनो, मी चिडलेले आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून अकरा घरे एकमेकांना चिकटून उभी आहेत. त्यांतले मी सातवे. आमच्या मधल्या भिंती सामाईक, त्यामुळे एकाला सर्दी झाली की दोन्ही शेजारी शिंकतात.

राणी व्हिक्टोरियाच्या काळात आम्हाला बांधणाऱ्याने लबाडी केली. भिंतीत गारगोट्या, फुटक्या विटा, हाताला येईल ते भरले. दर्शनी बाजूला चुन्याचा गुळगुळीत गिलावा दिला आणि त्यावर दगडी चिऱ्यांसारख्या रेषा ओढल्या. समोरून राजवाडा, मागून उघड्या विटा! पण तो चुना मात्र खरा होता. खारे पाणी आत यायचे आणि ऊन पडले की बाहेर जायचे. दर चार वर्षांनी अकराही घरांना एकच दुधी रंग लागे, आणि लोक थांबून बघत. शंभर वर्षे मी धडधाकट होते.

मग गॅरड नावाचा मालक आला. त्याला सारखे रंगकाम नको होते. तळमजल्यावर एडिथ टपेन भाड्याने राहायची, गिलावा करणाऱ्या कारागिराची लेक. तिने त्याला बजावले, "गॅरडसाहेब, चुन्यावर सिमेंट चढवू नका. पाणी आत कोंडेल."

तो हसला. "एडिथबाई, तुम्ही आपला चहा करा. भिंतीचं आम्ही बघतो."

आणि त्या शहाण्याने मला वरपासून खालपर्यंत सिमेंट फासले! पहिल्याच हिवाळ्यात त्याला बारीक चिरा गेल्या. पाणी आत शिरले ते शिरलेच. एडिथच्या पलंगामागे बुरशी चढली, ती खोकून खोकून बेजार झाली. आठव्या घराची भिंतही ओली झाली. गॅरडला आता आम्हा अकराही घरांच्या जागी उंच हॉटेल हवे होते. तो सांगत सुटला की ही घरे म्हातारी झाली, आता पाडायलाच हवीत. म्हातारी? माझा श्वास कोंडायचा आणि वर माझेच वय काढायचे!

घरे पाडायची की नाही हे ठरवायला नगरपालिकेचा तपासनीस यायचा होता, त्या सकाळी एडिथने कोळसा फोडायची हातोडी घेतली आणि खिडकीखालचे सिमेंट ठोकून काढले. मागून पाणी ओघळले. तपासनीसाने त्या भगदाडात बोटे घातली.

"घर म्हातारं नाही झालं, बाई," तो म्हणाला. "गुदमरलंय."

सिमेंट उतरवायचा हुकूम निघाला आणि आम्ही अकराही वाचलो. काम होईपर्यंत एडिथने बहिणीकडे राहावे असे ठरले. भिंत वाळली, पुन्हा चुना लागला, रंग आला. गॅरडने तिची खोली उन्हाळी पाहुण्यांना दिली. एडिथला परत बोलावलेच नाही.

येणारेजाणारे आता माझ्यापुढे उभे राहून फोटो काढतात. मालकाने घर किती छान जपलंय, असे म्हणतात. तेव्हा सगळा गिलावा अंगावरून झटकून टाकावासा वाटतो. मित्रांनो, जुनी घरे जपा, जरूर जपा. पण मालकाचे कौतुक करण्याआधी एकदा माझे दार वाजवा आणि विचारा, इथे राहणारी बाई कुठे आहे?